पाणबुडी म्हणजे न दिसणारा वाघ

आमच्या गावात 'पाणबुडी' म्हटलं की डोळ्यांपुढं बोअरमधली मोटर येते. पाणबुडी जळली म्हणजे त्या दिवशी पऱ्ह्याला, म्हणजे धानाच्या रोपांना, पाणी नाही, मेकॅनिकला दहा फोन, आणि पाइप वर ओढायला शेजारपाजारचे चार जण. त्यामुळं तलावावर मासे मारणाऱ्या काकाजींचा धाकटा नौदलात अग्निवीर म्हणून लागला, ट्रेनिंगला ओडिशात आयएनएस चिल्काला गेला, आणि पुढं पाणबुडीत जायची इच्छा आहे असं त्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा काकाजी संध्याकाळी थेट माझ्या ओसरीवर आले. मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढंच माझं भांडवल.

"गुरुजी, आपली पाणबुडी जळली त पाइप धरून वर ओढता येते. त्याची जळली त कोण ओढन?"

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या पट्ट्यात आम्ही राहतो. मुंबईचा समुद्र इथून आठशे किलोमीटरच्या पलीकडं. काकाजींनी तो एकदाही पाहिलेला नाही. पण पाणी त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. म्हणून जे सांगितलं ते तलावापासून सुरू करून सांगितलं. इथंही तसंच सांगतो.

आमच्या मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर, पानडुबी असते. पुस्तकातलं तिचं नाव टिबुकली. बदकाच्या पिल्लाएवढा पक्षी, पण नीट पाहिलं तर तिची बुडायची तऱ्हा दोन प्रकारची आहे. घाबरली की डोकं खाली घालून टुपकन सूर मारते. आणि संशय आला, पण अजून खात्री नसली, की ती जागच्या जागी हळूहळू खाली बसते, भरत चाललेल्या लोट्यासारखी. शेवटी फक्त मान वर राहते. ती पिसं अंगाशी आवळते, पिसांत अडकलेली हवा निघून जाते, आणि तेवढ्यानं ती जड होते. वजन तेच, पण अंगानं व्यापलेली जागा कमी. पाणबुडीचं अर्धं शास्त्र एवढ्यात आलं.

उरलेलं अर्धं आमच्या विहिरीत आहे. आम्ही सगळे पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो. डब्याला भोक पडलं की पाणी शिरायचं आणि पोरगं गटांगळ्या खायचं. पाणबुडी म्हणजे असा डबा, ज्याची भोकं आपल्या मर्जीनं उघडता आणि मिटता येतात. आत एक जाड पोलादी नळकांडं असतं, माणसं त्यात राहतात. त्याच्या बाहेर मोठमोठ्या टाक्या. बुडायचं असेल तेव्हा टाक्यांच्या वरच्या झडपा उघडतात, हवा सुटते, खालून समुद्राचं पाणी आत येतं. वर यायचं असेल तेव्हा सिलिंडरांत दाबून भरलेली हवा टाक्यांत सोडतात, ती पाण्याला खालून बाहेर ढकलते. काकाजींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच होतं. त्या पाणबुडीला वर ओढायला कोणी लागत नाही, मोटर बंद पडली तरी हवेच्या जोरावर ती वर येऊ शकते.

अवघड काम बुडण्याचं नाही, मधेच लटकून राहण्याचं आहे. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या ६७.५ मीटर लांब आणि सुमारे सोळाशे टनांच्या आहेत. एवढं धूड पाण्यात ना वर ना खाली असं धरून ठेवायचं, आणि आतलं वजन तर रोज बदलतं. डिझेल जळतं, तांदूळ-डाळ संपते. पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडला की टनभराहून जास्त वजन एका झटक्यात निघून जातं. ते लगेच पाण्यानं भरून काढलं नाही तर नाक वर होतं. त्यात भर म्हणजे समुद्राचं पाणीही सगळीकडं सारखं नाही. खारं पाणी जड, गोडं हलकं. आमच्या तलावाचा सांडवा नाल्यातून वैनगंगेला मिळतो, वैनगंगा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी बंगालच्या उपसागरात. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, सगळ्या तिकडंच. म्हणून पावसाळ्यानंतर त्या उपसागराचं वरचं पाणी बरंच कमी खारं असतं. अशा पाण्यात शिरलेली पाणबुडी आपोआप थोडी जड पडते, आणि आतल्या माणसाला पुन्हा हिशेब मांडावा लागतो. हे ऐकून काकाजी पहिल्यांदा हसले. "म्हंजे आपल्याच तलावाचं पाणी पोट्ट्याले तरास देणार!"

आता दाबाचं. दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजन वाढतं. तीनशे मीटरवर तीस किलो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण एक चौरस मीटर, म्हणजे घरातल्या मोठ्या चौरंगाएवढी जागा धरली, तर तिच्यावर तीनशे टन. तीन हजार क्विंटल धान एका चौरंगावर रचल्यासारखं, आणि असे शेकडो चौरंग त्या नळकांड्याच्या पाठीवर, पोटावर, सगळ्या बाजूंनी. म्हणून ते नळकांडं गोल असतं, दाब सगळीकडं सारखा वाटला जावा म्हणून. प्रत्येक पाणबुडीची एक खोली ठरलेली असते, तिच्याखाली गेलं की डबा चेपतो. खोल समुद्रात अडकलेल्यांना काढायला आपल्या नौदलाकडं २०१८ पासून खास बचाव पाणबुडी आहे. हे मी काकाजींना सांगितलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गोदीतच आयएनएस सिंधुरक्षकवर स्फोट होऊन १८ नौसैनिक गेले, हे मात्र सांगितलं नाही. ज्याचा पोरगा आताच निघाला आहे त्याला पहिल्याच संध्याकाळी सगळंच सांगायचं नसतं.

"मंग श्वास कसा घेते?" त्यांनी विचारलं.

माणसांचं सोपं आहे, हवा शुद्ध करायची यंत्रं आत असतात. खरा श्वास लागतो इंजिनाला. डिझेल इंजिन हवेशिवाय चालत नाही, हे ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे त्याला सांगायला नको. म्हणून डिझेल पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी म्हणजे किती? कलवरी वर्गात प्रत्येकी ७५० किलोचे ३६० सेल बसवलेले आहेत. गुणाकार करा, २७० टन नुसती बॅटरी. हळूहळू, माणूस चालतो त्या बेतानं गेलं तर ती काही दिवस पुरते. पूर्ण वेगानं पळवली तर काही तासांत बसते. मग पाण्याच्या जरा खाली येऊन एक नळी वर काढायची, हवा ओढायची, इंजिन चालू करून बॅटरी चार्ज करायची. आमच्याकडं शेतीची लाइन रात्री येते म्हणून माणसं रात्री मोटर सुरू करायला उठतात. पाणबुडीवालेही हे काम बहुतेक रात्रीच करतात, पण कारण वेगळं. त्या वेळी इंजिनाचा आवाज होतो, धूर निघतो, नळीचं टोक रडारवर दिसू शकतं. पाणबुडीच्या आयुष्यातली सगळ्यात धोक्याची वेळ तीच.

यावर दोन तोडगे निघाले. एक, बाहेरच्या हवेशिवाय वीज करणारं जोडयंत्र बसवायचं, म्हणजे नळी वर काढायची वेळ आठवडा-दोन आठवडे लांबते. दुसरा, अणुभट्टी. अणुभट्टीला हवाच लागत नाही. ती उष्णता देते, उष्णतेनं वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. आमच्या जिल्ह्यातल्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जे काम करतो तेच तिथं युरेनियम करतं. अशी पाणबुडी महिनोन्‌महिने खाली राहू शकते, तिची मर्यादा एकच, आतला शिधा. मात्र अणुभट्टीचे पंप अनेकदा बंद करता येत नाहीत, त्यांची घरघर राहते. बॅटरीवर सरकणारी साधी डिझेल पाणबुडी कित्येकदा तिच्यापेक्षा शांत असते. महाग ते प्रत्येक बाबतीत चांगलंच, असं युद्धात नसतं.

शांत असण्याला एवढी किंमत का, हे कळलं की नौदलाचं बरंचसं राजकारण कळतं.

पाण्यात दिसत नाही. उजेड फार लांब जात नाही. रडारच्या लहरी पाण्यात शिरतच नाहीत. राहतो तो आवाज, आणि आवाजाला पाणी फार मानवतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्रात पंधराशे मीटरच्या आसपास. लहानपणी विहिरीत आम्ही एक खेळ खेळायचो. एकानं पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे आणि पलीकडच्या कोपऱ्यात बुडी मारलेल्यानं किती वेळा आपटले ते सांगायचं. बाहेर जो आवाज 'टक' एवढाच, तो पाण्यात कानाच्या आत फुटल्यासारखा यायचा. आणि कुठून आला ते मात्र सांगता यायचं नाही, चारी बाजूंनी आल्यासारखा वाटायचा. आपले दोन कान हवेसाठी बनलेत. पाण्यात आवाज इतका वेगानं येतो की दोन्ही कानांत जवळपास एकदमच पोचतो. पाणबुडीला म्हणून अंगभर कान असतात, नाकात, कुशीला, शेपटीमागं लांब दोरीवर ओढत नेलेले. या यंत्रणेला सोनार म्हणतात.

सोनार दोन रीतींनी वापरतात. एक, आपण आवाज सोडायचा आणि आदळून परत येतो का ते ऐकायचं. प्रतिध्वनीला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. दुसरी रीत, गप्प बसून नुसतं ऐकायचं. पहिलीत अंतर नेमकं मिळतं, पण आवाज सोडणाऱ्याचा ठावठिकाणा साऱ्या समुद्राला कळतो. अंधाऱ्या रानात टॉर्च लावण्यासारखं ते. टॉर्चवाल्याला शंभर पावलं दिसतं, पण टॉर्चवाला स्वतः हजार पावलांवरून दिसतो. पाणबुडी म्हणून शक्यतो टॉर्च लावत नाही, ऐकते. सरावलेला सोनारवाला पंख्याचा आवाज ऐकून त्याला किती पाती आहेत, तो मिनिटाला किती फिरतो, जहाज मालवाहू आहे की लढाऊ, हे सांगतो. आमच्याकडं न बघता 'हा अमक्याचा ट्रॅक्टर' म्हणणारे असतातच की. आणि आपला आवाज कोणी ऐकू नये म्हणून पाणबुडीतली यंत्रं रबराच्या गाद्यांवर बसवतात, काहींच्या अंगावर बाहेरून रबराच्या फरशा चिकटवतात. शिकारीच्या वेळी आत कोणी पाना खाली पाडला तर त्याला काय ऐकावं लागत असेल याची कल्पना करा.

एवढं असूनही पाणबुडी सापडत नाही, कारण आवाज पाण्यात सरळ जात नाही. हे समजायला दोन गोष्टी आठवा. मे महिन्यात भर दुपारी विहिरीत उडी मारली की वरचं पाणी कोमट, आणि दीड-दोन पुरुष खाली गेलं की एकदम गार, जणू मधे कोणी पडदा लावला आहे. समुद्रातही तसंच, वर उन्हानं तापलेला थर, खाली थंड. दुसरी गोष्ट, त्याच दुपारी ब्रह्मपुरी रोडवर पुढं पाणी साचल्यासारखं दिसतं. पाणी नसतं, आकाश दिसत असतं. डांबराला लागून असलेल्या तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो, त्याचं ते मृगजळ. समुद्रात उष्ण-थंड थरांच्या सीमेवर आवाज तसाच वाकतो. वरून जहाजानं सोडलेला आवाज वाकून खाली निघून जातो, आणि पुढं एक टापू असा राहतो जिथं तो पोचतच नाही. आवाजाची सावली म्हणा. हुशार पाणबुडी त्या सावलीत बसते, झाडाच्या सावलीत बैल बसतो तशी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जहाजांवरच्या लोकांच्या लक्षात आलं होतं की सकाळी नीट चालणारं सोनार दुपारनंतर बिघडतं. यंत्र बिघडत नव्हतं, ऊन चढत होतं.

म्हणून पाणबुडी शोधणारे कान खाली सोडतात. हेलिकॉप्टर पाण्यावर स्थिर उभं राहून दोरानं सोनार थराखाली बुडवतं. तामिळनाडूतल्या अरक्कोणमहून उडणारी आपली पी-८आय विमानं समुद्रावर ऐकणारी बोयरी, म्हणजे तरंगती यंत्रं, टाकत जातात. उथळ किनाऱ्यालगत पाणबुडी हुडकायला खास छोट्या नौका आल्या आहेत. त्यातली पहिली आयएनएस अर्नाळा २०२५ च्या जूनमध्ये दाखल झाली, नाव वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचं. कलवरी वर्गातल्या दुसऱ्या पाणबुडीचं नाव खांदेरी, तेही शिवकाळातल्या जलदुर्गाचं.

इथवर यंत्राचं झालं. डावपेच सांगताना मला समुद्राची गरज पडली नाही, कारण काकाजींना वाघ माहीत आहे.

आमच्या भागात मोहफुलांचे दिवस आले, माणसं पहाटे टोपल्या घेऊन जंगलात निघाली, आणि कोणी एकानं सांगितलं की नाल्याच्या ओल्या रेतीत वाघाचे पंजे उमटलेत. बस्स. दुसऱ्या दिवशी कोणी जात नाही. तिसऱ्या दिवशी गेलेच तर दहा-पंधरा जण, हातात काठ्या, आरडाओरडा करत, आणि फुलं निम्मीच. वाघ तोवर वीस किलोमीटर पुढं गेलेला असेल. त्यानं कोणाला हातही लावलेला नसेल. पण जंगल बंद. आणि गंमत अशी की वाघ रस्त्याच्या कडेला समोर बसलेला दिसला तर एवढी भीती वाटत नाही, लोक मोबाइल काढतात. तो आहे, पण कुठं आहे ते माहीत नाही, यातच सगळं आलं.

पाणबुडीचं काम नेमकं हेच. समुद्र आपल्या ताब्यात घ्यायचा नाही, दुसऱ्याला तो वापरू द्यायचा नाही. १९८२ साली फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना भांडले. २ मे रोजी कॉन्करर या ब्रिटिश अणुपाणबुडीनं जनरल बेलग्रानो ही अर्जेंटिनाची क्रूझर, म्हणजे मोठी लढाऊ नौका, बुडवली, तीनशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर अर्जेंटिनाच्या मोठ्या लढाऊ नौका, विमानवाहू नौकेसकट, किनाऱ्याकडं परतल्या आणि युद्ध संपेपर्यंत पुन्हा पुढं आल्या नाहीत. एका जहाजाला पाणतीर लागला, घरी अख्खं नौदल बसलं.

आपल्यालाही १९७१ मध्ये पाणबुडीला चकवण्याचा आणि पाणबुडीकडून मार खाण्याचा, दोन्ही अनुभव आले. पाकिस्ताननं गाझी ही पाणबुडी बंगालच्या उपसागरात पाठवली, आपली विमानवाहू नौका विक्रांत हिच्या शिकारीला. आपण विक्रांतला अंदमानकडं दडवलं, आणि आयएनएस राजपूत ही जुनी विनाशिका, म्हणजे लढाऊ जहाज, विशाखापट्टणमजवळून असे बिनतारी संदेश सोडत राहिली की ऐकणाऱ्याला वाटावं विक्रांत इथंच आहे. ३-४ डिसेंबरच्या रात्री गाझी विशाखापट्टणमपाशी बुडाली, आतल्या सगळ्यांसह. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, म्हणून तो नौदल दिन. पण पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळच्या समुद्रात हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीनं आपली आयएनएस खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून उतरले नाहीत. खुकरी तिथं पाणबुडी शोधायलाच गेली होती, हे विसरू नये. वाघाच्या मागावर गेलेल्या माणसाला कधी कधी वाघ आधी बघतो.

मग एवढी मोठमोठी जहाजं बांधायची कशाला? हा प्रश्न काकाजींचा नाही, माझ्या दहावीच्या वर्गातला आहे, आणि चांगला आहे. दुसऱ्याला जंगलात जाऊ न देणं वाघाला जमतं. पण आपल्या माणसांना मोहफुलं वेचून सुखरूप घरी आणणं वाघाच्या आवाक्यातलं नाही. त्याला सोबत चालणारे लोक लागतात, दिसणारे, आवाज करणारे. समुद्रावर ते काम विनाशिका आणि फ्रिगेट करतात. विनाशिका साधारण मोठी, फ्रिगेट जरा लहान, दोन्हींवर विमान, जहाज आणि पाणबुडी अशा तिन्हींशी लढायची सामग्री. फरक देशागणिक बदलतो, त्यात फार डोकं घालू नये. विमानवाहू नौका म्हणजे तरंगता विमानतळ. कोचीला बांधलेली नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली, २६२ मीटर लांब, सुमारे ४५ हजार टनांची. तिचं खास पोलाद ज्या कारखान्यांतून आलं त्यात भिलाई आहे, म्हणजे गोंदियाहून रायपूरकडं निघालं की वाटेत लागतं ते. इतकी मोठी नौका एकटी कधीच फिरत नाही. भोवती विनाशिका, फ्रिगेट, तेलाचं जहाज, बहुधा खाली एखादी पाणबुडीही. नवरदेवाबरोबर वरात असते तशी. आणि तिच्यावर इतका पैसा एकाच ठिकाणी ओतावा का, यावर जाणकारांत खूप वाद आहे. क्षेपणास्त्रं स्वस्त आणि लांब पल्ल्याची होत असताना, मला स्वतःला, आणखी विमानवाहू नौका घेण्याआधी पाणबुड्यांची संख्या वाढावी असं वाटतं. पण मी धानाच्या पट्ट्यातला शिक्षक आहे, माझ्या मताला कोणी विचारलेलं नाही.

ही सोबत आपल्याला का लागते ते पऱ्हे रोवायच्या हंगामात खताच्या केंद्रासमोरच्या रांगेत कळतं. आपल्या देशाचा परदेशी व्यापार वजनानं पाहिला तर ९५ टक्क्यांच्या आसपास समुद्रावरून होतो. पोटॅश बहुतेक सगळं बाहेरून येतं. डीएपी खत बरंचसं तयार येतं, आणि इथं बनतं त्याचा कच्चा मालही जॉर्डन, मोरोक्कोसारख्या देशांतून. ट्रॅक्टरचं डिझेल ज्या कच्च्या तेलातून निघतं त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त आयातीचं, आणि त्यातला मोठा वाटा इराणजवळच्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा कित्येक कंपन्यांनी जहाजं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. दहा-बारा दिवस जास्त, तेवढं तेल जास्त, विमा जास्त. याच गोंधळात सोमाली चाचे परत उठले. त्यांनी पळवलेलं रुएन नावाचं मालवाहू जहाज आपल्या आयएनएस कोलकातानं मार्च २०२४ मध्ये आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठलं. चाळीस तास चाललेल्या कारवाईत नौदलाचे कमांडो विमानातून समुद्रात उतरवले गेले. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी जिवंत सुटले. हे काम पाणबुडीचं नव्हे. इथं समोर उभं राहून, ध्वज दाखवून, भोंग्यावरून बोलावं लागतं.

उरली अणुपाणबुडी, आणि तिचा दुसरा उपयोग. आपल्या देशाचं जाहीर धोरण आहे की अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही. मग समोरच्यानं पहिल्याच तडाख्यात आपली जमिनीवरची क्षेपणास्त्रं उडवली तर? म्हणून काही समुद्रात, अणुपाणबुडीत ठेवायची, अशा ठिकाणी जे आपल्यालाही रोज नेमकं माहीत नसतं. शहाणा शेतकरी सगळं बियाणं एकाच ढोलीत ठेवत नाही, तसं. आयएनएस अरिहंत २०१६ मध्ये आली, अरिघात २९ ऑगस्ट २०२४ ला. या पाणबुड्यांचं यश म्हणजे त्यांना आयुष्यभर काहीच न करावं लागणं.

काकाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांच्या मनात मुळात जे होतं ते आलं. "तिथून फोन लागते का?"

लागत नाही. मोबाइलच्या लहरी पाण्यात वीतभरही जात नाहीत. फार लांब, फार संथ लहरी असतात, त्या पाण्यात दहा-वीस मीटर उतरतात, पण त्या सोडायला अवाढव्य मनोरे लागतात. तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टाबोम्मन हे असं नौदलाचं केंद्र आहे. दुसरं तेलंगणात, विकाराबादजवळ दामगुंडमच्या जंगलात होतंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली, आणि झाडं जाणार म्हणून तिथल्या लोकांनी विरोधही केला. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, पण नौदलाचा आवाज रानातून निघणार. त्या लहरींवर बोलणं होत नाही, थोडी अक्षरं जातात, हळूहळू. आणि जातात एकाच दिशेनं. पाणबुडी ऐकते, उत्तर देत नाही. उत्तर द्यायचं तर दांडा पाण्याबाहेर काढून बोलावं लागेल, आणि जो बोलला तो सापडला. राजपूतनं गाझीला फसवलं ते याच खोडीवर.

"म्हंजे आमचा निरोप त्याले जाईन, त्याचा येणार नाई."

घरचे दोन शब्द पोचवायची सोय अनेक नौदलांत असते, असं मी म्हणालो. पोरगा अजून चिल्कालाच आहे, पाणबुडीत जायचं तर आधी विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहनमध्ये वेगळं शिक्षण घ्यावं लागेल, नापासही होतात, हेही सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तलावाच्या पाळीवर काकाजी दिसले. जाळं शेजारी तसंच पडलेलं. शिंगाड्याच्या वेलांपलीकडं पानडुबी नुकतीच बुडाली होती, पाण्यावर गोल वलयं पसरत होती. मी थांबलो, तर त्यांनी हातानंच गप्प राहायची खूण केली. ओठ हलत होते, आकडे मोजत होते. चौदा, पंधरा, सोळा. ती निघाली तेव्हा आम्ही दोघंही भलतीकडंच बघत होतो.